लेडीजची चावी

चावी म्हटलं की तुम्हाला तिजोरी आठवते, बंगला आठवतो, निदान बाइक तरी. मी एक जुनी चावी आहे खरी, पण संडासाची. हसून घ्या, मित्रांनो. सगळेच हसतात. हसून झालं की ऐका.

अंधेरीच्या एमआयडीसीत एक जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर लांबलचक पॅसेज आणि पॅसेजच्या टोकाला दोन दारं. एक पुरुषांचं, ते कायम सताड उघडं. दुसरं बायकांचं, त्याला कुलूप. त्या कुलपाची मी. ओरिजिनल मी नाहीच. ओरिजिनल कोणाच्या तरी हातून निसटून भांड्यात पडली आणि गेली वाहून. मग स्टेशनबाहेर छत्री लावून बसणाऱ्या चावीवाल्यानं मला कानशीनं घासून बनवलं. पुन्हा वाहून जायला नको म्हणून मला एक लाकडी ठोकळा बांधला आणि त्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलं, 'लेडीज'. तेच माझं नाव पडलं.

तेव्हा त्या पॅसेजमधल्या एका गाळ्यात कपडे शिवायचं काम चालायचं. मशीनवर बायकाच बायका. रत्नप्रभाबाई त्यांच्या सुपरवायझर, मूळच्या मालवणकडच्या, आवाज असा की मशीनच्या खडखडाटातूनही आरपार जायचा. मला खिळ्यावर टेकायलाच मिळायचं नाही. एकीच्या हातातून सुटले की दुसरीच्या.

"अगो, चावी खंय?"

"माझ्याकडे आहे गं, थांब जरा."

"थांब काय थांब? आत काय संसार मांडलायस?"

त्या आत जाऊन नुसतं उरकून यायच्या नाहीत. कोणी पावडर लावायची, कोणी भिंतीला पाठ टेकून मिनिटभर डोळे मिटायची. कोणाला रडायचं असलं तर नळ सोडून रडायची, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. मी कडीला लटकून सगळं बघायचे. कोणाला सांगायचे नाही.

मग धंदा बसला. मशीनं टेम्पोत चढली, बायका गेल्या. रत्नप्रभाबाईंनी जाताना माझा ठोकळा पदरानं पुसला, मला खिळ्यावर अडकवलं आणि म्हणाल्या, "ऱ्हव आता हंयच." मी राहिले. तेवढंच येतं मला.

काही काळानं गाळा पांढराफेक रंगवला गेला आणि तिथं वेबसाइट बनवणारी कंपनी आली. मालक मिहिर, बोरिवलीचा, चांगल्या घरातला. माणूस वाईट नाही हां. रागावला तरी आवाज चढवायचा नाही. त्यानं पोरांसाठी कॉफीचं मशीन आणलं, बसायला त्या मऊ गोण्या आणल्या, मध्ये टेबल टेनिसचं टेबल टाकलं. पोरं पण चांगली होती. फक्त सगळी पोरंच होती.

कोणी विचारलं की मिहिर खांदे उडवायचा. "मुली या लाइनला येतच नाहीत यार. आल्या तर घेऊ ना. आपण कुठे नाही म्हणतोय?"

मला वाटायचं, येतील. पॅसेजमध्ये चप्पल वाजली की मी कान टवकारायचे. कुरिअरवाला असायचा. माझ्यावर धूळ बसली, तांबूस डाग पडले. शेवटी टेबल टेनिसच्या टेबलाचा एक पाय डुगडुगायला लागला, तेव्हा आकाशनं मला खिळ्यावरून काढलं आणि ठोकळ्यासकट त्या पायाखाली सरकवलं. "झकास," म्हणाला, "एकदम फिट." आकाश त्यांचा सगळ्यात जुना डेव्हलपर. त्याच्या डोक्यावर हेडफोन, डोक्यात कामच काम. मला उचलताना ठोकळ्यावर काय लिहिलंय ते त्यानं वाचलंसुद्धा नाही.

टेबलाखाली बसून माणसांचे नुसते पाय दिसतात. बूट, बूट, बूट. आणि एका सकाळी कोल्हापुरी चप्पल दिसली.

ती श्रुतिका. मुलुंडहून यायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "लेडीज वॉशरूमची चावी कुठाय?" आणि सगळं ऑफिस एकमेकांकडे बघायला लागलं. प्रश्न कोणालाच कधी पडला नव्हता ना. तिनंच शोधाशोध केली, खाली वाकली आणि मला बघून ओरडली, "अरे, ही इथं पायाखाली काय करतेय?"

"टेबल हलतं ना," आकाश म्हणाला.

"हलू दे. मी हलले तर जास्त वाट लागेल."

पोरं हसली. मला सॅनिटायझर चोळून तिनं चकाचक केलं. तिच्या कुर्त्याला खिसा नव्हता, म्हणून तिनं मला आपल्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी ठेवलं. तेव्हापासून मला तिचा स्क्रीन दिसायचा, तिची बोटं दिसायची. भराभर चालायची बोटं. मशीनवरच्या बायकांची आठवण यायची मला.

मग निधी आली, नवीनच कॉलेजमधून निघालेली. काय सांगू मित्रांनो, ते दिवस! दोघी मिळून पॅसेजमध्ये जायच्या, आरशासमोर मिहिरची नक्कल करायच्या. पण निधीला काम काय मिळायचं? क्लायंटचे फोन घे. मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिही. वाढदिवसाचा केक माग. एकदा ती म्हणाली, "मी कोड लिहायला आले होते ना?" मिहिर म्हणाला, "अगं, तुझा आवाज छान आहे, क्लायंट शांत होतो." निधीनं दुसरीकडे नोकरी बघितली आणि गेली.

ती गेल्यावर आठवड्याभरातच जुने मॉनिटर ठेवायला जागा हवी झाली. मिहिर श्रुतिकाला म्हणाला, "आता एकटीसाठी अख्खी टॉयलेट अडवून ठेवायची म्हणजे... खाली पहिल्या मजल्यावर पॅथॉलॉजी लॅब आहे ना, तिथलं क्लीन आहे एकदम. बघू, पुढे मुली आल्या की रिकामं करू."

श्रुतिका भांडली. पण तिच्या बाजूनं बोलायला कोण होतं? मॉनिटरची खोकी आत गेली. दार नीट लागेना इतकी भरली. मला मात्र तिनं टेबलावरून हलवलं नाही. "राहू दे ही. एक दिवस रिकामं करायला लावते की नाही बघ," असं आकाशला म्हणाली. आकाशनं हेडफोनमधूनच मान हलवली.

आता त्या ऑफिसची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सगळ्यांनी केलेलं काम एकाच ठिकाणी जमा व्हायचं आणि मग ते एकदम लोकांसाठी सोडायचं. कोणाचं काम अर्धवट असताना सोडलं तर साइट बसते. म्हणून सोडणारा उभा राहून ओरडायचा, "सोडू का?" आणि प्रत्येकानं जागेवरून म्हणायचं, "सोड!" एकानं जरी नाही म्हटलं तरी थांबायचं. पोरांना मजा यायची त्यात, दहीहंडीला ओरडावं तसं ओरडायची. त्यात श्रुतिकाचा एक बारीक, स्पष्ट आवाज. मला तो लांबूनही ओळखू आला असता.

तेव्हा घाटकोपरच्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलची साइट चालू होती. मिहिरनं श्रुतिकाला सांगितलं होतं, "ही नीट उभी केलीस ना, की टीम लीड तू." तिनं घरी फोन करून आईला सांगितलं. मी शेजारीच होते. "नक्की नाही गं अजून," म्हणत होती, पण माझ्या ठोकळ्यावर बोटांनी ठेका धरून बसली होती.

त्या साइटवर नाव नोंदवायचा फॉर्म होता. त्यात 'पतीचे नाव' भरल्याशिवाय तो पुढे सरकायचाच नाही.

श्रुतिकानं विचारलं, "हे कोणी कंपल्सरी केलं? जिचा नवरा नाही, तिनं काय करायचं?"

"शेजारच्या काकांचं टाकायचं," कोणीतरी मागून म्हणालं आणि सगळे खिदळले.

"हो का? पोट घेऊन बसलेल्या बाईला फोन करून सांगशील हा जोक? नंबर देऊ?"

हसणं थांबलं. हॉस्पिटलवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही असं सांगितलंच नव्हतं. आमच्याच पोरांनी ठरवलं होतं, न विचारता, न विचार करता. मग श्रुतिका तो भाग उपसून नव्यानं बसवायला लागली.

साइट सोडायचा दिवस आला. दुपारपर्यंत बाकी सगळं तयार. श्रुतिकाचा फॉर्म मात्र अर्धा उघडा होता, जुनं काढलेलं, नवं बसायचं होतं. सकाळपासून ती हललीच नव्हती. पाणीसुद्धा पीत नव्हती, कारण पाणी प्यायलं की दोन मजले उतरायचे. शेवटी उठलीच. घाई काय, तिला न विचारता कोणी सोडणार थोडंच होतं? पद्धत होती ना.

खाली लॅबमध्ये, हे तिनं नंतर सांगितलं, हातात छोट्या बाटल्या घेऊन पेशंट बायकांची रांग लागली होती. ती रांगेत उभी राहिली.

आणि वर आकाश उभा राहिला. "सोडू का?"

"सोड! सोड! सोड रे!" सगळं ऑफिस दणाणलं.

माझ्यासमोर रिकामी खुर्ची होती. पाठीवर तिची ओढणी होती. स्क्रीनवर तो फॉर्म तसाच उघडा. मी लोखंडाची, मित्रांनो, मला तोंड नाही. ते असावं असं त्या दिवशी जेवढं वाटलं तेवढं कधीच वाटलं नव्हतं. आकाशनं हेडफोन एका कानावरून सरकवला, आवाज ऐकला, हसला आणि बटण दाबलं.

श्रुतिका वर आली तेव्हा फोन खणखणत होते. हॉस्पिटलच्या साइटवर एकाही बाईचं नाव नोंदवलं जात नव्हतं. मिहिर तिच्या खुर्चीशी उभा होता.

"कुठे होतीस?"

"खाली."

"अशा टायमाला? लीडला जागेवर असावं लागतं श्रुतिका."

ती आकाशकडे वळली. "तू विचारलंस?"

"विचारलं ना. सगळे सोड म्हणाले."

"मी म्हणाले?"

आकाशनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"अरे एवढ्या गोंगाटात कळतं का कोण बोललं, कोण नाही," मागून एक जण म्हणाला.

"एकच बाईचा आवाज आहे रे इथं," श्रुतिका म्हणाली. "तो आला नाही हे कळायला काय यंत्र लागतं? आणि मी खाली का जाते, ते पॅसेजच्या टोकाचं दार उघडून बघ. मॉनिटर बसलेत तिथं माझ्या जागी."

मग ती बसली आणि फॉर्म दुरुस्त केला. रडली नाही. रडायला नळ कुठे होता? संध्याकाळच्या आत साइट चालू झाली. पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्या बाईनं पतीच्या नावाचा रकाना रिकामा ठेवला होता. श्रुतिकानं ते स्क्रीनवर बघितलं आणि माझ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात मीटिंगमध्ये मिहिरनं आकाशला लीड केलं. "फ्लोअरवर कायम असतो तो," म्हणाला. आकाशनं मान वर केली नाही. त्याच दुपारी श्रुतिकानं नोकरी सोडली. पॅसेजमध्ये आकाश तिच्या मागं धावत गेला. "थांब ना यार, मी सांगतो मिहिरला."

"आता? मीटिंगमध्ये बसला होतास तेव्हा काय झालं होतं?"

चपलेचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला.

त्यानंतर आकाशनं एकट्यानं ती सगळी खोकी बाहेर काढली. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. फरशी घासली, नवा आरसा लावला, गुलाबी साबण आणून ठेवला. मिहिरनं जाहिरात दिली, 'मुलींना प्राधान्य'. कसलं छान झालंय आत, मित्रांनो. रत्नप्रभाबाईंच्या बायकांना असं मिळालं नव्हतं कधी.

मुलाखतीला अबोली नावाची एक मुलगी आली. आकाशनं मला तिच्या हातात दिलं. किती दिवसांनी ऊबदार हात लागला. ती आत गेली, हात धुतले, बाहेर आली. मग तिनं सगळ्या टेबलांवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "इथं आधी कोणी मुलगी होती?"

"होती," आकाश म्हणाला.

"मग गेली का?"

आकाशनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिहिरकडे बघितलं. मिहिर म्हणाला, "पर्सनल रीझन." अबोली हसली, मला टेबलावर ठेवलं, "कळवते," म्हणाली. अजून कळवलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या असं ऑफिस काढेल, कोणी अशा ऑफिसात बसेल. मी काही मोठं मागत नाही. ज्याला बोलवाल त्याच्यासाठी आधीच जागा करून ठेवा, तो गेल्यावर फरशी घासू नका. आणि सगळे एका सुरात ओरडत असतील ना, तेव्हा थोडं थांबा. कोणाचा आवाज आला नाही ते बघा. त्याची खुर्ची तुमच्यासमोरच असते.

अबोलीनं हात धुतले, तेव्हा तो गुलाबी साबण पहिल्यांदा ओला झाला. आता वाळून त्याला चिरा पडल्यात.