खोलीत दुसरं कोणी नाही

शुक्रवारी भिवंडीचे कापडाचे लूम बंद असतात. बाकी सहा दिवस तिथल्या कामतघर वस्तीतल्या लोकांच्या कानांत खडखडाट घर करून असतो, त्यामुळे शुक्रवारी ते शांततेलाच दचकतात. मनालीने म्हणूनच परीक्षेसाठी शुक्रवार सकाळी अकराची वेळ घेतली. परीक्षा घरून द्यायची होती. लॅपटॉपचा कॅमेरा चालू, दार बंद, आणि दूर कुठेतरी बसलेला पर्यवेक्षक दीड तास तिच्यावर डोळा ठेवणार. आयटी सपोर्टची अगदी पहिल्या पायरीची परीक्षा ती. पण मानकोलीच्या गोडाऊनमध्ये आठ-आठ तास उभं राहून खोक्यांना टेप मारणाऱ्या मुलीला पहिली पायरीही छातीएवढी उंच असते. पास झाली तर त्याच कंपनीच्या हेल्पडेस्कवर खुर्ची. ती खुर्ची सोमवारपर्यंतच रिकामी राहणार होती. हेल्पडेस्कचा साहेब मिलिंद, त्याने वर भांडून तेवढी मुदत मिळवली होती, आणि स्वतःचा जुना लॅपटॉपही तिला दिला होता.

खरं तर मिलिंदने हा नाद आधी लावला तो मनालीच्या भावाला, जान्याला. जान्या त्याच गोडाऊनमध्ये सात वर्षं स्कॅनर घेऊन फिरला. डब्याच्या पिशवीत वही असायची आणि जेवायच्या सुट्टीत तो केबलींची चित्रं काढत बसायचा. परीक्षेला बारा दिवस उरले असताना मानकोली नाक्यावर ट्रकने त्याची बाईक उडवली. त्याला आता आठ महिने झाले.

आठ महिने झाले तरी त्याचा दिस घातलेला नव्हता. डोंगरातल्या त्यांच्या पाड्यावर माणूस मेला म्हणजे लगेच गेला, असं होत नाही. कामडी येतो, घांगळी वाजवत गातो, मेलेल्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घेतो आणि मग त्याला वाटेला लावतो. याला दिस घालणं म्हणतात. तोवर तो घरातच. कामडीने दोनदा निरोप धाडला. मनालीची आई धोंडूबाई दोन्ही वेळा 'पुढच्या म्हैन्यात' म्हणाली. कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, असं ती सांगायची. ते खोटं होतं आणि पाड्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. तिला त्याला जाऊच द्यायचं नव्हतं.

जाऊ देणं सोडाच, ती त्याला सांभाळून होती. लूमच्या कारखान्यात सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर ड्युटीला निघाली की मोकळ्या खोलीला सांगायची, "जान्या, घर बघ रं." एकदा सर्वेवाली बाई आली. घरात माणसं किती, म्हणाली. धोंडूबाईने सांगितलं, तीन. तिसरा कुठे आहे? "हाय की आतच." बाईने आत डोकावलं आणि पुढ्यातला चहा तसाच टाकून निघून गेली. घरात सक्त मनाई होती ती एकाच गोष्टीला: 'कोन न्हाय' असं म्हणायचं नाही. दिस घालायच्या आधी घरच्याच माणसाने तसं म्हटलं, तर मेलेला ते खरं धरतो आणि न सांगता निघून जातो. मग तो कामडीलाही सापडत नाही.

मनाली शिकलेली मुलगी. तिने हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण तिला भाऊ ऐकू यायचा.

जिवंत असताना जान्याला एक खोड होती. तिच्या मागे खाटेवर बसून तिच्या अभ्यासात नाक खुपसायचं आणि ती चुकली की 'च्' करायचं. तो गेल्यावर महिन्याभराने तिने त्याची वही उघडली, फोनवर सरावाचे प्रश्न काढले, आणि चुकीच्या उत्तराकडे बोट जाताच मागून आवाज आला. च्. वळून पाहिलं तर खाट रिकामी, फक्त गोधडी एका जागी दबलेली. दोन दिवस तिने वहीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की भीती वाटते खरी, पण भाऊ त्याहून जास्त हवा आहे. मग ती रोज बसू लागली. याला कॉपी म्हणायचं की माया, ते ज्याचं त्याने ठरवावं. सात महिन्यांत ती सगळा अभ्यास त्या 'च्'च्या आधाराने शिकली, आणि चांगली शिकली. एकटी मात्र एकदाही बसली नाही.

शुक्रवारी साडेदहालाच धोंडूबाई दाराबाहेर पायरीवर फतकल मारून बसली. कोणी दार वाजवू नये, एवढंच तिचं काम. मनालीने आतून कडी लावली. पर्यवेक्षक दिसत नव्हता, त्याचा नुसता आवाज. ओळखपत्र दाखवा, टेबलाखालचं दाखवा, भिंती दाखवा. सगळं पार पडलं. बारा प्रश्न झाले, त्यांत दोनदा 'च्' आला आणि दोनदा तिने उत्तर बदललं. तेराव्याला स्क्रीन थांबली.

"मॅडम, आपके पीछे कौन है?"

आजवर मनालीला जान्या फक्त ऐकू आला होता, दिसला कधीच नव्हता. या परक्या माणसाला तो दिसत होता. भीती बाजूलाच राहिली, तिला आधी त्या माणसाचा हेवा वाटला.

"खाट पे कोई बैठा है. कॅमेरा घुमाइए."

तिने लॅपटॉप उचलून खाटेकडे फिरवला. मग मोरीकडे, मग दारामागे. कोणी नव्हतं.

"अभी तो था," तो म्हणाला. आवाजातली साहेबी उतरली होती. मग घसा साफ करून त्याने नियम वाचावा तसं सांगितलं, "रिकॉर्डिंग चालू है. जोर से बोलिए, रूम में मेरे अलावा कोई नहीं है. नहीं तो एक्झाम यहीं कॅन्सल होगी."

दाराच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला भाऊ आणि समोर सोमवारपर्यंतची खुर्ची. मनालीने मनाची समजूत घातली की हिंदीत म्हटलेलं धरत नसतील. पण गोडाऊनमध्ये सात वर्षं जान्या हिंदीतच हसला-भांडला होता, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? खरं सांगायचं तर तिला ती खुर्ची हवी होती. भावासाठी नाही, स्वतःसाठी हवी होती. याची तिला त्याच क्षणी लाज वाटली, आणि तरीही ती बोलली.

"रूम में मेरे अलावा कोई नहीं है."

"थोडा जोर से, मॅडम."

ती जोरात बोलली.

मागे खाट करकरली. कोणी उठलं की करकरते तशीच.

"थँक यू. कंटिन्यू कीजिए."

पुढचा प्रश्न आला. तिने मुद्दाम चुकीच्या उत्तरावर बाण नेला आणि जिवाचा कान करून थांबली. काहीच नाही. दुसऱ्या चुकीच्या उत्तरावर नेला. तिथेही काही नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. मग तिला राग आला, त्याचा, स्वतःचा, त्या आवाजाचा, आणि रागारागाने तिने उरलेले प्रश्न एकटीने सोडवले. पासला सातशे लागत होते. तिला सातशे चौदा मिळाले. स्क्रीनवर अभिनंदन झळकलं आणि ती शुंभासारखी त्याकडे पाहत राहिली.

कडी काढली तेव्हा धोंडूबाई पायरीच्या मधोमध नव्हती. ती एका कडेला सरून, गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला चिकटली होती. तिच्या बाजूला एका माणसाला जाण्यापुरती जागा मोकळी होती.

"आत्ताच गेला," ती म्हणाली. "मी सरकले. काय बोलला न्हाय."

आईने ऐकलं होतं. आई ओरडली असती, तिने थोबाडीत मारली असती, तर ते सोसणं सोपं गेलं असतं.

"पास झालीस?"

"झाले."

"मंग आता बोलाव त्याला माघारी. तुझं काम झालं ना?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की बोलावलं तर तो येईल. मनाली पायरीवर उभी राहिली आणि गल्लीच्या तोंडाकडे पाहून तिने भावाच्या नावाने हाक मारली. लूम बंद होते, हाक पार रस्त्यापर्यंत गेली. दोन-तीन दारांतून माणसं बाहेर आली, बघून आत गेली. तिने पुन्हा हाक मारली, लहानपणी मारायची तशी, 'जान्यादादा' म्हणून. मग तीही पायरीवर टेकली आणि दोघी ऐकत बसल्या.

थोड्या वेळाने मिलिंदचा फोन आला, निकाल विचारायला. फोन मनालीच्या मांडीवर वाजत राहिला आणि तिने घाईने त्याचा आवाज बंद केला. त्या आवाजात गल्लीतली पावलं ऐकू आली नसती.