अंगण वाढलं

वाळूचा दांडा समुद्रात शिरला होता, कोपरात वाकलेल्या हातासारखा. मुळाशी, जमिनीला लागून दादाचं घर आणि पार टोकाला त्याच्या धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यापासून ती दारात लोकांची फाटकी जाळी पसरून सांधून द्यायची, त्यावर तिचं भागायचं. लाटा किनाऱ्याला तिरक्या लागत, दादाच्या दारावरची वाळू रेटत रेटत तिच्या दारात आणून टाकत. इकडे झिजायचं, तिकडे भरायचं. दांडा दरवर्षी कूस बदलायचा, पण तुटत नसे.

मग दादाने घराच्या पुढच्या अंगाला, थेट समुद्रात, दगडांचा आडवा बांध घातला. घर वाचवायला म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. येणारी वाळू बांधाशी अडली. दादाचं अंगण फुगत गेलं, वहिनीने तिथे बाकं मांडली. इकडे धाकटीची जाळी पसरायची जागा गेली, मग पायरी गेली, मग ओट्याखालची वाळूही निसटू लागली.

ती दादाकडे गेली. बांधात फट ठेव, वाळू पुढे येऊ दे, एवढंच मागितलं. आवाज चढवणं तिला कधी जमलंच नाही. वहिनीने विचारलं, वाळूवर काय तुझं नाव लिहिलंय? दादा खाली बघत म्हणाला, "देवाच्या मनात आलं, त्याला आपण काय करणार?"

"देवाने दगड नाही आणले, दादा. गाडी तुझी होती."

त्यावर तो उठून आत गेला; बांध तसाच राहिला, तिची मागची भिंत पडेपर्यंत. पडली तेव्हा मात्र धावत आला. सामान स्वतः उचललं, चारचौघांत डोळे पुसले, माझं घर ते तुझंच म्हणाला. भाऊ असावा तर असा, असं लोक म्हणाले.

आता ती दादाच्या मागच्या खोलीत राहते. अंगणात वहिनीची बाकं, मग जाळी पसरायची कुठे? ते काम सुटलं. त्या फुगलेल्या अंगणातून वाऱ्याबरोबर घरभर वाळू येते आणि झाडायचं काम आपसूक तिच्याकडे आलं.

एका सकाळी भरलेलं घमेलं कमरेवर घेऊन ती बांधापलीकडे निघाली. टोकाला घर उरलं नव्हतं, तरी तिकडची वाळू तिकडे जावी, इतकंच मनात होतं. वहिनीने बाकावरूनच हाक मारली, "अगं, तिकडे कुठे? इकडेच टाक. आपली वाळू आहे ती."

धाकटी थांबली. दुपारचं ताट याच घरात वाढलं जायचं होतं. तिने घमेलं तिथेच पालथं केलं, हात झटकले आणि उरलेलं झाडायला आत गेली.