दगडाचं पाणी

“दगड कुठंय, हाज्जा?”

लग्नगाण्यांचा ढोल, दलूका, वाजायचा थांबला. नवरीच्या खोलीतल्या साऱ्या बायका दाराकडे पाहू लागल्या. प्रोफेसर सित्तना उंबऱ्यात उभ्या होत्या. सकाळच्या समारंभाचा पांढरा तोब अजून साडीसारखा अंगाभोवती गुंडाळलेला होता आणि चेहरा असा लाल झाला होता की गाणाऱ्या पोरी आपोआप मागे सरकल्या.

“कसला दगड, डॉक्टरीणबाई?” हाज्जा कलतूमने घाईघाईने हाताशी असलेली वस्तू मागच्या तबकात सरकवली. आमच्या ओम्दुरमानातल्या निम्म्या नवऱ्यांचे हातपाय या बाईनेच रंगवलेले. “मेंदी आहे, लवंगेचं तेल आहे. आणखी काय असणार?”

“मला शिकवतेस? निखळ मेंदी कोळशासारखी काळी होते का कधी?”

सित्तना वाकल्या, मेंदीचं भांडं उचललं, हुंगलं. मग कुणाला काही कळायच्या आत तरातरा अंगणात गेल्या आणि सगळी मेंदी वाळूत ओतून मोकळ्या झाल्या.

नवरीची मेंदी जमिनीवर! एका म्हातारीने तर छाती पिटायला सुरुवात केली. तैसीर, म्हणजे नवरी, रिकामे तळहात पुढे धरून तशीच चटईवर बसून राहिली. तिची आई, सित्तनांची धाकटी बहीण निअमात, स्वयंपाकघरातून धावत आली.

“सित्तना! माझ्या लेकीच्या शकुनावर माती ओतलीस गं!”

“माती नाही. विष ओतलं.”

“अख्खं ओम्दुरमान लावतंय, ते सगळे मेले का? उद्या सासरचे म्हणतील, लाल हातांची नवरी आणली, घरात रंगाला पैसे नव्हते का. तुला काय त्याचं! तुला स्वतःला कधी नवरीची मेंदी लागली नाही ना, म्हणून दुसऱ्याची बघवत नाही!”

सित्तनांनी लग्न केलं नव्हतं ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, पण तोंडावर बोलायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. निअमातच्या जिभेला हाड नव्हतंच. एरवी सित्तनांनी बहिणीला चांगलं फैलावर घेतलं असतं; पण त्या दिवशी अपमानाचा कोटा सकाळीच भरला होता.

सकाळी त्यांचा निवृत्तीचा समारंभ झाला. आरोग्य खात्याचे मोठे साहेब आले होते. साहेबांनी त्यांना ‘विषशास्त्राची आई’ म्हटलं, टाळ्या पडल्या, आणि त्याच दमात साहेब म्हणाले की प्रोफेसर जात आहेत तेव्हा विषकक्ष वेगळा ठेवायची आता गरज नाही, ते काम अपघात विभाग पाहील. म्हणजे टाळ्यांच्या गजरात कुलूप! खोलीची किल्ली मखमलीच्या तबकात ठेवून साहेबांच्या हाती द्यायलाही सित्तनांनाच लावलं. बदल्यात साहेबांच्या बायकोने त्यांना ‘विषशास्त्राची आई’ कोरलेलं पितळेचं जाडजूड सन्मानचिन्ह दिलं. ते देणारे हात बोटांपासून मनगटापर्यंत काळेकुळकुळीत होते.

सित्तनांनी तो हात धरूनच ठेवला. “यात दगड घातलाय का, बाई?”

“मग! त्याशिवाय रंग चढतो होय?” ती लाडात हसली. साहेबही हसले. पुढच्या रांगेतले डॉक्टरही हसले, आणि सित्तनांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आयुष्य कशात गेलं या बाईचं? या दगडात. त्या फार्माकॉलॉजीच्या नव्या शिक्षिका होत्या तेव्हा वॉर्डात एक मुलगी आली होती. मान सुजून खांद्याएवढी झालेली, डोळे मिटलेले, श्वास कोंडलेला. घरच्यांनी सांगितलं, शिळा मासा खाल्ला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. कुणी म्हणालं, नजर लागली. सित्तनांनी चमच्याने तिचं तोंड उघडून पाहिलं, तर जीभ काळी! मनाविरुद्ध लग्न ठरवलं म्हणून पोरीने केस रंगवायचा दगड पाण्यात विरघळवून पिऊन टाकला होता, आणि अब्रूपायी घरच्यांची दातखीळ बसली होती. दुपारपर्यंत ती गेली. त्यानंतर तशा किती आल्या. कुणी रागाने प्यायलेली, कुणाला सासूने पाजलेलं, कुणी चुकून.

या विषाला उतारा नाही. जगात कुठेच नाही. उंदरांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून सित्तनांच्या एवढंच हाती लागलं, की सूज चढायच्या आत गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट मोकळी केली आणि मूत्रपिंडं सांभाळली तर माणूस वाचतं. ‘घसा आधी, बाकी नंतर’ हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या पिढ्यांकडून घोकून घेतलं. हातापाया पडून विषकक्षासाठी एक खोली मिळवली, तिथे फोन बसवला, दिवसरात्र नर्स ठेवल्या. दुसऱ्या घंटीच्या आत फोन उचललाच पाहिजे असा दंडक घातला. सहकारी पाठीमागे त्यांना ‘मेंदीच्या प्रोफेसर’ म्हणत. म्हणोत बापडे! पण उतारा नसलेलं विष बाजारातच येऊ देऊ नका, एवढं साधं मागणं घेऊन त्या दरवर्षी खात्याच्या पायऱ्या चढत. दरवर्षी उत्तर एकच: केसांचा रंग आहे, तो काय पिण्यासाठी विकतात? बायकांची थेरं, त्याला सरकार काय करणार! आणि दगडाची पोती बंदरावर उतरतच राहिली. बायकाच मरत होत्या ना? मग कुणाला घाई होती!

“बोल ना आता!” निअमात अजून तणतणत होती. “एवढ्या लोकांना व्याख्यानं देतेस, मला एक शब्द नाही?” उन्हाचा कडाका होता, ओरडून ओरडून तिच्या घशाला कोरड पडली होती. तिने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या तबकातून करकदेचा, म्हणजे जास्वंदीच्या गडद लाल सरबताचा, एक पेला उचलला आणि घटाघटा तोंडाला लावला.

“ई! कडू काय लागतंय हे?”

हाज्जा कलतूम किंचाळली. “थुंक! अगं बये, थुंक ते! ते करकदे नाही, दगडाचं पाणी आहे!”

सित्तना दारात दिसल्या तेव्हा घाबरून हाज्जाने भिजत घातलेल्या दगडाचा पेला तबकात सारला होता. तसलेच काचेचे पेले, तसाच गडद रंग. निअमातने उरलेलं थुंकलं. पण मोठा घोट पोटात गेला होता.

सित्तना फोनकडे धावल्या. इस्पितळात निरोप जायला हवा होता: सर्जनला बोलवा, ऑक्सिजन तयार ठेवा, गळ्याची नळी काढून ठेवा. बोटांनी सवयीने विषकक्षाचा नंबर फिरवला. एक घंटी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की पलीकडे बंद खोलीत फोन उचलायला कुणीच नाही आणि किल्ली साहेबांच्या खिशात आहे. मग अपघात विभागाला फोन लावला. तो कुणी उचलला नाही.

“काही होत नाहीये मला,” गाडीत मागे बसलेली निअमात म्हणाली. “उगाच धिंगाणा. घरी पाहुणे बसलेत.”

“गप्प बस. बोलू नकोस.”

“बघ तैसीर, तुझी मावशी. स्वतः बोलायचं नाही अन् दुसऱ्याला...” पुढचे शब्द घोगरे झाले. पुलावर गाड्या खोळंबल्या होत्या. सित्तनांनी आरशात पाहिलं. बहिणीच्या पापण्या जड झाल्या होत्या. हे तोंड आता कसं कसं बदलत जाणार, हे त्यांना पाठ होतं, आणि त्या क्षणी आपल्याला हे ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. त्या हॉर्नवर हात दाबून धरून रडत होत्या.

अपघात विभागात टेबलाशी बसलेला माणूस मान वर न करता म्हणाला, “आधी पावती काढा.” एका शिकाऊ डॉक्टरने निअमातला पाहिलं आणि म्हणाला, “ॲलर्जी दिसते. एक सुई देतो, बसा बाकावर.”

“बाकावर?” सित्तनांचा आवाज सगळ्या इमारतीत घुमला. “तिला दगड गेलाय पोटात, दगड! सर्जन कुठंय?”

“सर्जन जेवायला गेलेत. आम्हाला आधी कळवलं नाही कुणी.”

आधी कळवलं नाही! फोन उचलायला कुणी ठेवलं असतं तर कळलं असतं ना, मेल्यांनो! सित्तना स्वतःच सुरी शोधायला निघाल्या होत्या, तेवढ्यात व्हरांड्यातून सर्जन, त्यांचाच जुना विद्यार्थी डॉक्टर मुझम्मिल, पळत आला. हाताला अजून जेवणातल्या फूलचं, बाकल्याच्या उसळीचं, तेल लागलेलं होतं. त्याने बाकाकडे एक नजर टाकली. निअमातच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

“घसा आधी!” तो ओरडला. “उचला! सुई-बिई नंतर!” मग सित्तनांकडे वळून त्याने आवाज खाली आणला. “मॅडम, तुम्ही बाहेर थांबा. तुम्हीच शिकवलंय, नातेवाइकांना आत घ्यायचं नाही.”

दार लागलं. त्या दाराच्या आत सित्तना आजवर किती वेळा गेल्या असतील. बाहेर मात्र कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. तैसीरने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

निअमात वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उशीला टेकून बसली होती, गळ्यात नळी, तोंड अजून सुजलेलं. तिला बोलता येत नव्हतं. तिने सित्तनांचा तळवा ओढून आपल्या गालाला लावला आणि डोळ्यांतून पाण्याची धार लागली.

“राहू दे,” सित्तना म्हणाल्या. “तुला बोलता येत नाही, हा आपल्या घरावर देवाचा उपकार आहे. चार दिवस शांततेत जातील.” निअमात रडता रडता खांदे हलवून हसली.

हाज्जा कलतूम दाराशी अवघडून उभी होती. तैसीरचे हात तिने निखळ मेंदीने लाल रंगवून दिले होते. लग्न आईच्या खाटेजवळच लागणार होतं. नवऱ्याकडच्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नव्हती.

“माझ्यावर रागावलात, डॉक्टरीणबाई?” हाज्जाने विचारलं. “पण खरं सांगा, भर बाजारात, सरकारच्या नाकासमोर ढिगाने विकतात. विष असतं तर सरकारने विकू दिलं असतं का? मी अडाणी बाई, मी काय समजायचं?”

हाच प्रश्न सित्तना आयुष्यभर विचारत आल्या होत्या.

त्या बाहेर पडल्या. गाडीकडे जाताना त्यांना इस्पितळाला लागून असलेल्या कॉलेजच्या आवारात घंटी ऐकू आली. विषकक्षात फोन वाजत होता. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

“मघापासून वाजतोय, मॅडम,” पहारेकरी इद्रीस म्हणाला. “किल्ली साहेबांकडे आहे. साहेब अजून यायचेत.”

सित्तना गाडीकडे वळल्या. मागच्या सीटवर सन्मानचिन्ह तसंच पडलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, दारापाशी आल्या आणि होता तेवढा जोर लावून कुलपावर घातलं. पहिल्या घावाला पितळेवरचं ‘आई’ दबलं. इद्रीस तोंडावर हात ठेवून बघत राहिला. मग तो पुढे झाला आणि दाराची कडी त्याने घट्ट धरून ठेवली, म्हणजे घाव नीट बसेल. कुलूप तुटलं.

फोन अजून वाजत होता. त्यांनी धापा टाकत तो उचलला.

“विषकक्ष. बोला.”

पलीकडे दूरच्या कुठल्या तरी गावातून एक बाई ‘माझी पोर, माझी पोर’ म्हणत हुंदके देत होती. सित्तनांनी पायाने खुर्ची ओढून घेतली.

“रडणं नंतर, बाई. आधी सांगा, पोरीला श्वास घेता येतोय ना?”