एक फूट सोडून

मी टेप बोलतोय. मोजणीचा, पिवळा, नगरपंचायतीचा. कुठल्या नगरपंचायतीचा ते सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातली आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर पहिली कारवाई माझ्यावरच व्हायची.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी भोळा होतो. शून्यापासून सुरू व्हायचं आणि असेल तेच सांगायचं, इतकंच मला ठाऊक. मग अतिक्रमण विभागात आलो आणि माणसांचे हात ओळखू लागलो. कुणी मला भिंतीला टेकवून धरतं, कुणी बोटभर अलीकडे. समोरच्या दुकानातून चहा आला की हमखास अलीकडे! तेव्हापासून माझा कुणावर विश्वास राहिलेला नाही.

एकदा गाडीच्या दारात सापडून माझा पहिला फूट तुटला. कडी गेली, शून्यही गेलं. नवा टेप मागवतो कोण? टोक धरणारे भिकाजी शिपाई मला एकाच्या खुणेवर धरायचे आणि ओरडायचे, "सायब, एक सोडून!" मग विभागाचे प्रमुख अभयसाहेब आकड्यातून एक वजा करायचे. पाच आले की चार लिहायचे. काम चालून जायचं. मला मात्र धाकधूक वाटायची. माझं खरंखोटं एका माणसाच्या ओरडण्यावर टांगलेलं, हे काही बरं नव्हे.

पुढे भिकाजी निवृत्त झाले आणि कंत्राटावर सागर आला. तोही मला एकाच्या खुणेवरच धरायचा, पण मोबाइल कानाला. ओरडायला तोंड रिकामं हवं ना!

गेल्या महिन्यात स्टँडसमोर मोहीम निघाली. मागे जेसीबी घरघरत होता. आधी मोठ्या हॉटेलची पुढची शेड मोजली. सागर ओरडला नाही, तरी साहेबांनी आपणहून एक वजा केला. त्याला लागूनच चंपाबाईंची टपरी. घावणे आणि चहा. मुंबईत कामाला असलेला नवरा आजारी होऊन परत आला, तेव्हापासून त्यांचं घर या टपरीवरच चालतं. परवाना गटारापासून चार फुटांचा. जास्त भरली तर टपरी जप्त, परवाना रद्द. तेवढा अधिकार साहेबांना आहे.

मी पाच दाखवले. सागर फोनवर. या वेळी साहेबांनीही एक वजा केला नाही.

"पाच. एक फूट पुढे आहे. उचला," ते म्हणाले.

मला धक्काच बसला. शेजारच्या दारात आठवलं ते इथे विसरले? हॉटेलवाल्याला टपरीच्या जागेत गाड्या लावायच्या आहेत, असं सागर फोनवर बोलताना मी ऐकलं होतं.

चंपाबाई टपरीसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "परत मोजा. टोक मी धरणार."

"मावशी, सरकारी मोजणीत हात घालायचा नाही."

"कापड घेताना पण टोक मीच धरते. ही तर माजी टपरी हाय!"

त्यांनी सागरच्या हातातून मला ओढून घेतलं, गटाराच्या कडेला टेकवायला वाकल्या आणि थबकल्या.

"सायब, ह्याचं शून्य कुठं हाय?"

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. माझ्या तुटक्या टोकाकडे इतक्या वर्षांनी कुणीतरी नीट बघितलं होतं. काय सांगू मला किती बरं वाटलं!

साहेब हसले. "अरे हो, विसरलोच. एक सोडायचा असतो." टपरी त्या दिवशी वाचली. पण नव्या यंत्रानं फेरमोजणी करायची असं ठरलं. साहेब खरंच विसरले असतील? असतीलही. मला नाही वाटत.

आता मी कपाटात पडून आहे. नवं यंत्र टेबलावर असतं. बटण दाबलं की लाल ठिपका भिंतीवर पडतो आणि आकडा उमटतो. ते कुठून मोजायला लागतं, पुढच्या कडेपासून की मागच्या, देव जाणे. मला तर ते बघूनच शंका येते.

काल चंपाबाई तारीख विचारायला आल्या होत्या.

"उद्या सकाळी येतो, मावशी," साहेब म्हणाले. "आता टोक धरायची भानगडच नाही."

"मग मी काय धरू?" चंपाबाईंनी विचारलं. साहेबांनी फोन उचलला.

तुम्ही उद्या स्टँडवर असाल तर जरा टपरीपाशी थांबा. आणि घरात टेप असेल तर घेऊन या. शून्य असलेला.