पाण्यापलीकडची पिल्लं

घरात कुत्रा पाळला तर पेठेत कुणी नाक मुरडत नाही. कुत्री पाळली की मात्र जो तो सल्ला द्यायला येतो. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या अंबादासकडे कुत्री होती. अंगाने तांबडी, म्हणून तिचं नाव तांबी. अंबादास शाहूपुरीतल्या एका गुळाच्या पेढीवर कारकून होता. घरात बायको नंदिनी, आई अक्का आणि ही तांबी, एवढीच माणसं. मी तांबीला माणसांत धरतो, याचं कारण पुढे कळेल.

तांबीला दर वर्षी पिल्लं व्हायची. परसातल्या लाकडांच्या खोलीत, जुन्या गोणपाटावर. पाच-सहा पिल्लं एकावेळी घरात कोण ठेवणार? मग पेठेत जे सगळे करत, तेच अंबादासही करायचा. पिल्लांचे डोळे उघडायच्या आत ती पाटीत घालायची, मोठ्या पुलावरून पंचगंगा ओलांडायची आणि पलीकडे वडणग्याच्या वाटेला ठेवून यायची. आईला दोन दिवस साखळीला बांधायचं. डोळे मिटलेले असले की पिल्लाने घर पाहिलेलं नसतं, म्हणून पाप लागत नाही. पाणी ओलांडलं की वास तुटतो, म्हणून आईला माग लागत नाही. हे नियम कुणी घातले, कधी घातले, कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या घरीही हेच चालायचं, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

१९५१ साली गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अंबादासला दुसरा मार्ग सांगितला होता. तांबीचं ऑपरेशन केलं की पुन्हा पिल्लं होणार नाहीत. भुलीचं औषध, टाके, मलमपट्टी मिळून पंधरा रुपये. अंबादासचा पगार पासष्ट रुपये. तो घरी येऊन हसतच हे सांगत होता, तेवढ्यात अक्का कडाडल्या.

"मुक्या जिवाची कूस कापायची म्हंतोस? कुठल्या जन्मात फेडशील रं हे पाप?"

झालं. पैसेही वाचले आणि पापही टळलं. त्यानंतर आणखी एकदा पाटी पुलावरून गेली.

१९५३ सालच्या मार्चात तांबीचं पाचवं वेत झालं. पाच पिल्लं. गुळाचा हंगाम जोरात होता, पेढीवरून सुटायला रोज उशीर व्हायचा. आज नेऊ, उद्या नेऊ करता करता तेरावा दिवस उजाडला. त्या सकाळी अंबादासने पाटी सायकलच्या मागे बांधली, वर नंदिनीचं जुनं लुगडं घातलं आणि निघाला. वडणग्याच्या वाटेवर एक मोडकी वीटभट्टी होती. तिच्या भिंतीला माणूस वाकून आत जाईल एवढं भगदाड पडलेलं होतं. दर वर्षी तो तिथेच पिल्लं ठेवायचा.

आतल्या राखेवर त्याने एकेक पिल्लू ठेवलं. चार झोपेत होती. पाचव्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ते झोपलेलं नव्हतं. त्याचे डोळे उघडले होते. नुकतेच उघडलेले, धुरकट निळे डोळे, आणि ते सरळ अंबादासकडे बघत होतं.

अंबादास क्षणभर तसाच ओणवा राहिला. मग त्याने ते पिल्लू उचललं, त्याचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवलं आणि बाहेर आला. घरी याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तांबीला सोडलं. ती रडली नाही की शोधायला धावली नाही. पाणी प्यायली आणि उंबऱ्याशी पुढच्या पायांवर तोंड टेकून पडली.

"शहाणी आहे," नंदिनी म्हणाली. "विसरली."

दुपारी चहासाठी लाकडं आणायला नंदिनी परसात गेली. रस्ता सामसूम होता, पेठ जेवून आडवी झाली होती. खोलीचं दार तिने लोटलं आणि तिथेच थबकली. गोणपाटावर एक पिल्लू होतं. अंगभर राख माखलेलं, पाय पोटाशी घेतलेलं, मेलेलं.

संध्याकाळी अंबादास आल्यावर तिने विचारलं, "एक विसरलात का हो न्यायचं?"

"पाच नेली. माझ्या हाताने ठेवली."

"मग हे कुठून आलं?"

अंबादासने कुदळ उचलली. त्याने ते पिल्लू परसाच्या कोपऱ्यात पुरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच गोणपाटावर, त्याच जागी, तसंच राखेने माखलेलं दुसरं पिल्लू होतं.

अक्कांनी खोलीला बाहेरून कडी घातली. पण त्या खोलीची मागची भिंत तट्ट्याची, तळाशी कुजलेली. तिसऱ्या दुपारी कडी जशीच्या तशी होती आणि आत तिसरं पिल्लू होतं. शेजारच्या धोंडुबाई पदर तोंडाला लावून बघून गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अक्का, ही भानामती हाय. कुणीतरी तुमच्या घरावर केल्यालं हाय." लगेच लिंबू आलं, हळदकुंकू आलं, उंबऱ्यावर बिब्बा टांगला गेला. तांबी उंबऱ्याशी पडून हे सगळं बघत होती. दिवसेंदिवस तिच्या बरगड्या वर येत होत्या. भाकरी पुढे टाकली तर हुंगून बाजूला सारत होती.

ती काय करत असेल असा संशय कुणालाच कसा आला नाही, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. पण मधे नदी होती ना! पाणी ओलांडलं की वास तुटतो, ही गोष्ट त्या घराला सूर्य उगवण्याइतकी खरी वाटत होती. खरी मानलेली गोष्ट तपासायला कुणी जात नाही. त्यापेक्षा भानामतीवर विश्वास ठेवणं सोपं गेलं.

चौथ्या दिवशी चौथं आलं. अंबादासने गोणपाटाजवळ बसून त्याच्या कपाळावरची राख अंगठ्याने पुसली. ठिपका नव्हता. आधीच्या तिघांनाही नव्हता. आता एकच उरलं होतं, आणि ते कोणतं हे घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. ज्याने त्याला पाहिलं होतं, ते उद्या येणार होतं. त्या रात्री तो जेवला नाही. नंदिनीने फार विचारलं तेव्हा त्याने तिला डोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तोंड भिंतीकडे वळवलंत? ते बघत असताना?" तिने एवढंच विचारलं, पण अंबादासला ते फार लागलं.

पाचव्या दिवशी तो पेढीवर गेला नाही. लाकडांच्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून समोर पाटावर बसला. बारा वाजले, एक वाजला. ऊन परसात पांढरंफटक पसरलं होतं. गोणपाट रिकामं होतं, त्यावर मधोमध एक खळगा पडलेला होता. अक्का आत जप करत होत्या. दोन वाजले, तीन वाजले. काहीच आलं नाही. अंबादासला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. ते येण्यापेक्षा ते न येणं त्याला जास्त भयंकर वाटत होतं. चारच्या सुमाराला तो उठून पुढच्या दारी आला. उंबरा रिकामा होता. तांबी कुठेच नव्हती.

पाचला बाळासो गवळी म्हशी घेऊन आला. वडणग्याचा हा म्हातारा रोज सकाळ-संध्याकाळ पूल ओलांडून पेठेत यायचा, दारातच धार काढून द्यायचा आणि दुपारी म्हशी पुलाखाली डुंबायला सोडायचा. त्याने म्हैस थांबवली, चरवी खाली ठेवली आणि इकडेतिकडे बघत म्हणाला,

"तुमची कुत्री कुठाय? आज पुलावर गाठ पडली न्हाय ती."

"पुलावर?" अंबादासने विचारलं.

"व्हय की. चार दिस बघतोय. भर दुपारची जाती, भर दुपारची येती. येताना तोंडात कायतरी आस्तं. मला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल."

दारातून ऐकणाऱ्या नंदिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. अक्का आतून उठून आल्या. अंबादास उंबऱ्यावरून खाली उतरला. मग त्याने बाळासोला सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. बाळासोने धार काढली नाही. म्हशी दारातच बांधल्या आणि म्हणाला, "चला."

ऊन कलताना दोघं भट्टीशी पोहोचले; अंबादासने सायकल आणि तीच पाटी बरोबर घेतली होती. वाकून आत जाताच अंबादासच्या पायाखाली काहीतरी कडकन मोडलं. भगदाडाच्या तोंडाशी, राखेत, बोटभर लांबीची बारीक हाडं होती. मागच्या वर्षीची, त्याच्या मागच्या वर्षीची. दर वर्षी तो इथेच येत होता आणि त्याने कधी खाली पाहिलं नव्हतं.

आत अंधारात गुरगुर ऐकू आली. त्याने हाक मारली, "तांबे." गुरगुर वाढली. सात वर्षांत ती त्याच्यावर पहिल्यांदा गुरगुरत होती. नजर सरावली तेव्हा ती दिसली. कुशीवर पडलेली, धापा टाकत, ताप भरलेली. तिच्या पोटाशी पांढऱ्या ठिपक्याचं पिल्लू होतं. जिवंत! पिता पिता त्याने तोंड बाजूला केलं, मान वळवली आणि त्या धुरकट निळ्या डोळ्यांनी पुन्हा सरळ अंबादासकडे पाहिलं.



बाळासो भगदाडाशी उकिडवा बसला. मग शांतपणे म्हणाला, "जित्याजवळ मेल्यालं ठिवत न्हाय जनावर. मेल्याली चार तिनं तुमच्या घरात आणून ठिवली, जिथं जल्माला घातलं तिथं. आन् जितं हितं ठिवलं. का, इचार करा."

"वाटलं होतं, पाणी ओलांडलं की..."

"तिला पाची वर्सं वाट ठावी हाय. दरसाल सोडली की येती. मागल्या येळंला एक बी जितं घावलं न्हाय, म्हणून मोकळ्या तोंडानं परत गेली."

"आम्ही डोळे उघडायच्या आत आणायचो, बाळासो. सगळेच तसं करतात."

"पिल्लांचं डोळं मिटल्यालं आसत्याल, कबूल," बाळासो म्हणाला. "आईचं उघडंच व्हतं की."

 अंबादासने पाटी पुढे केली, दोघांना घरी न्यावं म्हणून. पाटी दिसताच तांबी लटपटत उठली, पिल्लू पायांखाली घेतलं आणि दात काढले. त्याने पाटी बाहेर फेकून दिली. मग तिथेच, राखेत बसून, तो मोठ्याने रडला. बाळासोने त्याला रडू दिलं.

तांबी वाचेल की नाही याची त्या रात्री शाश्वती नव्हती. बाळासोने सायकलीवर पिटाळल्यावर अंबादास गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरांना भट्टीवर घेऊन आला. त्यांनी सुई टोचली. त्यानंतर अंबादास सकाळ-संध्याकाळ दूधभाकरी घेऊन पुलापलीकडे जाऊ लागला. नवव्या दिवशी त्याच्यासमोर ती खायला लागली. ती घरी यायला तयार व्हायला तीन आठवडे लागले. पिल्लू बाळासोने सांभाळायला नेलं, कारण अंबादासने ते उचललं की तांबी अजूनही थरथरायची. त्याने हट्ट धरला नाही.

पिल्लू खातंपितं झाल्यावर ऑपरेशनचा दिवस ठरला. अंबादासने पैसे मोजून खिशात ठेवले आणि अक्का काय म्हणतात म्हणून थांबला. अक्का देवाजवळून उठल्या. त्यांनी तांबीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कूस कापायची म्हंजे पाप, आसं मीच बोलले," त्या म्हणाल्या. "आन् पाच येळंला भरल्याली पाटी माझ्याच डोळ्यांदेखत दारातनं गेली. तवा कसं न्हाय आठवलं पाप? जा बाबा, घिऊन जा तिला."

ऑपरेशन नीट पार पडलं. तांबी पुढे बरीच वर्षं जगली. लाकडांच्या खोलीत मात्र ती पुन्हा कधी गेली नाही, आणि भर दुपारी कधीमधी ती पुलापर्यंत जाऊन थोडा वेळ पलीकडे बघत उभी राहायची. तेव्हा तिला कुणी हाक मारायचं नाही.

पेठेतल्या कुणाच्या घरी कुत्री व्याली की अंबादास आता आपणहून जायचा आणि डॉक्टरांचं नाव सांगायचा. लोक हसायचे. एकदा धोंडुबाईंनी भर चौकात विचारलं, "एका कुत्रीपायी पंधरा रुपयं घालवलंस? परवडतं का रं आपल्यासारख्याला?"

अंबादास चिडला नाही. तो म्हणाला, "मावशी, हा खर्च चुकत नाही. मी पाच वर्षं चुकवला असं मला वाटत होतं. तो ती भरत होती, एकेक पिल्लू देऊन."

 दुसऱ्या आठवड्यात आपल्या दारातली कुत्री घेऊन धोंडुबाई स्वतः दवाखान्यात गेल्या.

बंधुभगिनींनो, आपण जनावर हौसेने दारात आणतो, त्याला नाव देतो, आपल्या घराची राखण त्याच्यावर सोपवतो. त्याच्या पोटच्या पिल्लांची जबाबदारी आली की तेवढी पाण्यापलीकडे टाकतो आणि पाप लागू नये म्हणून नियम शोधतो. ज्याची जबाबदारी घेता येत नाही, तो जीव जन्मालाच येणार नाही अशी सोय करणं यात पाप नाही. तो जन्माला येऊ देऊन टाकून देणं, यात आहे. तुमच्या दारातली कुत्री या वर्षी व्यायच्या आधी दवाखान्याची पायरी चढा. खर्च विचारा आणि तो तुम्ही भरा, तिला भरायला लावू नका.