पदराखालचा गडू

मी गंगेचा गडू. तांब्याचा, आखूड मानेचा, मुठीत मावेल एवढा. पेणच्या खाडीकडच्या एका मिठागरांच्या गावात माझा सगळा जन्म गेला. गावात कुणी मरायला टेकलं की मला बोलावणं येतं. तेव्हा माणसांविषयी मी काही गोड बोलेन, अशा आशेनं कुणी बसू नये.

मला काशीहून आणलं दाजींनी. देश स्वतंत्र होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. तेव्हा माझ्यात खरी गंगा होती आणि तोंडाला कथलाचा पक्का डाक होता. दाजींच्या आईसाठी तो फोडला आणि मग सगळं गावच मागायला येऊ लागलं. दाजी कुणाला नाही म्हणाले नाहीत. पाणी तळाला गेलं तसं त्यांनी दारच्या विहिरीचं पाणी ओतलं, वरून मेण लावलं आणि म्हणाले, "गंगेला मिळालं ते गंगाच झालं." विहीर खाडीकाठची, तिचं पाणी मचूळ. असं पुढे इतक्या वेळा झालं की माझ्यातली गंगा कधीच आटली. तरी आजवर एकाही पिणाऱ्यानं तक्रार केली नाही. का केली नाही, ते ऐका.

या गावाला मरणाचं नाव घेणं अभद्र वाटतं. घरात माणूस झिजून काडी झालेला असतो, पेणच्या डॉक्टरनं "घरी न्या" म्हणून सांगितलेलं असतं, आणि ही शहाणी मंडळी त्याच्या उशाशी बसून "पावसाळ्यात लावणीला येशील तू" म्हणत असतात. मला वेळेत आणायचं तर आजारी माणसाला कळेल ना! म्हणून घरघर लागेपर्यंत वाट बघायची. मग कुणीतरी धावत सुटायचं आणि मला पदराखाली नाहीतर भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली दडवून आणायचं. चोरीचं कोंबडंसुद्धा जरा मानानं येतं. मी पोचेपर्यंत खेळ आटोपलेला. माझं पाणी मेलेल्या ओठांवरून ओघळून उशीत जिरतं. मेलेला माणूस चवीबद्दल काय बोलणार?

काळुरामचं तर माझ्या डोक्यातून जात नाही. चार दिवस तो बिचारा म्हणत होता, "मला कायतरी सांगायचंय." घरचे म्हणत होते, "आता आराम कर, मग बोल." तो मेला. नंतर तेच घरचे बाराव्यापर्यंत छाती पिटत होते, की त्याला काय सांगायचं होतं कोण जाणे. अशा रडण्याची मला किळस येते.

आता मी राहतो दाजींच्या सुनेकडे, इंदुबाईकडे. तिच्या शेजारी हौसा. जन्मभर मिठागरात राबलेली बाई, टाचांना मिठानं पडलेल्या भेगा कधी भरल्याच नाहीत. तिच्या पोटात गाठ निघाली. मुलगा जगन डोलवीला कंपनीत कंत्राटावर. त्यानं आईला सांगितलं, कावीळ आहे. शेजाऱ्यांना दम भरला, कावीळच म्हणायचं. लगेच सगळी गल्ली कावीळ म्हणू लागली. कुणी काविळीवरची माळ आणली, कुणी उसाचा रस आणला. नाटक करायला या गावाला तालीम लागत नाही.

हौसाला हवी होती तिची लेक. सरू रोह्याकडे, निडीला दिलेली. पण आजाऱ्याच्या घरी सासरी गेलेली लेक बोलावली म्हणजे दिवस भरले, असं इथे लहान पोरालाही कळतं. म्हणून जगन बहिणीला फोनवर सांगायचा, "आई बरी हाय, तू धावपळ करू नको." आणि हौसानं सरूचं नाव काढलं की म्हणायचा, "भात झोडून झालं की येईल." आईला फसवायचं म्हणून तिची लेक तोडायची, आणि याला माया म्हणायचं!

एका सकाळी इंदुबाई पेज घेऊन गेली तेव्हा हौसानं तिचा हात धरला. "इंदे, गडू आण गो. पदराखालून नको, सगळ्यांना दिसंल असा आण."

इंदुबाई घरी आली, चुलीपुढे बसून रडली. मग तिनं मला चिंचेनं घासून लख्ख केलं आणि उघड्या हातावर घेऊन भर उन्हात गल्लीतून निघाली. बायका दारं लावून फटीतून बघत होत्या. एकीनं पोराचे डोळे झाकले. मी काय यमाचा रेडा होतो?

जगन शिफ्टवरून नुकताच आला होता. मला बघून तो इंदुबाईच्या अंगावर धावला, असलं अभद्र घरात का आणलंस म्हणून. तेव्हा अंथरुणावरून हौसा बोलली.

"तिला बोलू नको. मी मरतेय, जगन. तुला ठाव हाय नि मलाबी ठाव हाय. कावीळ कावीळ करून तू माझी लेक अडवलीस. सरूला बोलव."

जगन मटकन खाली बसला. एवढा थोरला बाप्या, आईच्या पायात डोकं घालून हुंदके देऊ लागला. त्या घरात इतक्या दिवसांत घडलेली ती पहिली खरी गोष्ट.

सरू दुपारच्या गाडीनं आली. मग दारामागच्या बायकाही एकेक करून आल्या. त्यांनी रात्री बसायच्या पाळ्या लावून घेतल्या, जगनच्या शिफ्टची सोय बघितली. हौसानं सांगितलं, हिरवं लुगडं नेसवा, आणि आता मला सुकटीची चटणी द्या. रात्रभर मायलेकी बोलत होत्या. काय बोलल्या ते मी सांगणार नाही, ते त्यांचं आहे.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी हौसानं मला मागितलं. सरूनं मेण काढलं आणि तुळशीचं पान घालून मला आईच्या तोंडाला लावलं. ती प्याली. घोट गळ्याखाली उतरला, मी स्वतः पाहिलं. मग तिनं तोंड वाकडं केलं, पुन्हा एक घोट घेतला आणि हसू लागली.

"अगो, ही गंगा कसली? ही तर दाजींची विहीर."

इंदुबाई आधी कावरीबावरी झाली, मग तीही हसली. सरू हसता हसता रडली. हौसानं आणखी एक घोट मागितला. "असू दे," म्हणाली, "आपलंच पाणी हाय." चार दिवसांनी ती गेली, तेव्हा तिचा हात सरूच्या हातात होता.

गाव सुधारलं असं समजू नका. गेल्याच महिन्यात मला पुन्हा मेथीखालून नेलं, आणि पुन्हा मी उशीच भिजवली. इंदुबाईनं मात्र मला देव्हाऱ्याआडून काढून माठाशेजारी उघड्यावर ठेवलंय. मी तिथेच आहे. मला बोलवायचंच असेल, तर ज्याला पाजायचं त्याला "पाणी मचूळ आहे" असं म्हणता येतंय, तोवर बोलवा.