शिवराम गांगुर्डे यांचं म्हणणं

बायकोच्या, रखमाबाईंच्या, पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शिवराम गांगुर्डे यांनी टीव्ही लावला. पाहुणे परतले होते. भाड्याने आणलेल्या खुर्च्या खाली जिन्यापाशी रचून ठेवल्या होत्या. संध्या, त्यांची मुलगी, आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली होती. बाहेरून त्यांचा आवाज आला, "काय म्हणाली गं ती?"

संध्या उठून दारात आली. बाबा टीव्हीकडे बघत नव्हते. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्याकडे, आई बसायची तिकडे, ते मान वळवून बसले होते. क्षणभराने त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान सरळ केली आणि पडद्यावर बायका भांडत होत्या ते बघत राहिले.

शिवराम अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर एकोणतीस वर्षं होते. पत्रा कापणारं ते मशीन दर चार सेकंदांनी आदळायचं. कानात कापूस कोंबून ते उभे राहायचे. रिटायर होईपर्यंत डावा कान गेला होता आणि पुढच्या दोन वर्षांत उजवाही गेला. उल्हासनगरला कॅम्प तीनमधून कानाचं मशीन आणलं, ते नुसती शिटी मारायचं. नसच मेली आहे, आता उपयोग नाही, असं डॉक्टरने सांगितलं. तेव्हापासून बदलापूरला शिरगावच्या या घरात टीव्ही रखमाबाई ऐकायच्या आणि शिवराम बघायचे. मराठी चॅनलवर खाली अक्षरं येत नाहीत. रखमाबाई त्यांच्याकडे तोंड करून, ओठ मोठे हलवून, हातवारे करून सगळं सांगायच्या. बातम्या, मालिका, क्रिकेट, सगळं. अकरा वर्षं हे चाललं. मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं आणि पाच महिन्यांत त्या गेल्या.

संध्याचं लग्न मोडून सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून ती आईवडिलांकडेच होती. तिचं काम काय, हे घरात कुणाला नीट माहीत नव्हतं. अंबरनाथ पूर्वेला, दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक लहानसं ऑफिस होतं. तिथली अकरा माणसं परदेशातल्या संस्थांसाठी कागदपत्रं वाचायची आणि लिहायची. संध्याकडे युरोपचं काम होतं. तिथल्या खाजगी टीव्ही वाहिन्यांचा एक संघ आहे. ब्रुसेल्समध्ये टीव्हीबद्दल नवा कायदा करायचा झाला की युरोपीय आयोग आधी सगळ्यांची मतं मागवतो. वाहिन्या आपलं म्हणणं मांडतात, बाकीचेही मांडतात, आणि ते सगळं आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतं. कोणी काय लिहिलंय ते सगळं वाचायचं, त्याचा तक्ता करायचा आणि संघाच्या उत्तराचा पहिला मसुदा लिहायचा, हे संध्याचं काम.

ती ते चांगलं करायची. वाहिन्यांचं सगळंच चुकीचं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. जाहिराती मोबाइलवर पळाल्या होत्या, छोट्या देशांतल्या छोट्या वाहिन्या खरंच बुडत होत्या, आणि नियम मात्र सगळे त्यांनाच. हे पटण्यासारखं होतं. त्या वर्षी आयोगाने विचारलं होतं, की बहिऱ्यांसाठी प्रत्येक कार्यक्रमाखाली अक्षरं देणं सक्तीचं करावं का. संघाचं उत्तर ठरलेलं होतं. हेतू चांगला आहे, पण सक्ती नको, आम्ही आपणहून टप्प्याटप्प्याने करू. तो परिच्छेद संध्याने आई आजारी असताना, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून लिहिला होता. संघाकडून एकही शब्द न बदलता तो मंजूर होऊन आला होता.

आता तक्ता उरला होता. साडेचारशे मतं आली होती. त्यात संस्था होत्या, कंपन्या होत्या आणि शंभरेक साधी माणसं होती. साध्या माणसांची मतं एका ओळीत उरकायची असत. आईच्या जाण्यानंतरच्या त्या आठवड्यात संध्यासमोर आयर्लंडमधल्या एका म्हाताऱ्याचं मत आलं. त्याने लिहिलं होतं, की त्याची बायको त्याला टीव्ही सांगायची, ती दोन वर्षांपूर्वी वारली, आणि आता तो हवामानाचा अंदाज तेवढा बघतो, कारण त्यात नकाशा असतो. संध्याने तक्त्यात लिहिलं: व्यक्ती, सक्तीच्या बाजूने, नवा मुद्दा नाही. मग ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

तिचे डोळे बाबांना दिसले. घरात एक पांढरी पाटी होती. आई गेल्यापासून दोघं त्या पाटीवर बोलायचे, म्हणजे संध्या लिहायची आणि बाबा तोंडाने बोलायचे. त्यांनी पाटी तिच्यापुढे सरकवली.

"आईची आठवण आली?"

तिने मान हलवली. मग काय मनात आलं कोण जाणे, तिने त्या म्हाताऱ्याचं मत मराठीत करून पाटीवर लिहिलं. तीनदा पुसून लिहावं लागलं. बाबांनी सावकाश वाचलं.

"हे असं कुणी पण लिहू शकतं?"

'हो,' तिने लिहिलं.

"आपण पण?"

तिने अर्ज उघडून बघितला. खाली एक पर्याय होता, युरोपबाहेरचा नागरिक. मुदत संपायला तीन दिवस होते. तिने तिथेच थांबायला हवं होतं. आपण कुणासाठी काम करतो हे तिला माहीत होतं. पण आई गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"लिही," शिवराम म्हणाले. ते ताठ बसले. कारखान्यात युनियनच्या सभेत बोलायला उभे राहायचे तेव्हा असेच दिसत असावेत. "मी शिवराम गांगुर्डे, वय एकाहत्तर, राहणार बदलापूर पूर्व, जिल्हा ठाणे. माझे कान कारखान्यात गेले. आम्ही कानाच्या टोप्या मागितल्या होत्या. साहेब म्हणाले, नियम कशाला, आम्ही आपणहून देऊ. कापूस दिला. साहेब वाईट नव्हते. पण आपणहून कोणी देत नाही, त्यांना वेळच होत नाही. माझी बायको मला टीव्ही सांगत होती, ती वारली. तुमच्याकडे कायदा झाला तर मला त्याचा फायदा नाही, मला तुमची भाषा येत नाही. पण एका ठिकाणी झालं की दुसऱ्या ठिकाणी मागता येतं. जयभीम."

"जयभीम पण टाकू?" संध्याने विचारलं आणि मग पाटीवर लिहिलं.

"टाक. आणि नाव लपवू नको."

तिने सगळं इंग्रजीत केलं. नाव लपवता येत होतं, पण तिने लपवलं नाही. पाठवलं. पोच आली तेव्हा बाबांनी चष्मा पुसून ती बघितली आणि संध्याला मोबाइलवर त्या पोचेचा फोटो काढायला लावला.

पुढच्या सोमवारी नवी मतं तिच्या तक्त्यात येऊन पडली. चारशे एकाहत्तरावं बाबांचं होतं. त्याच्यापुढे काय लिहायचं यावर संध्या बराच वेळ बसून राहिली. शेवटी तिने लिहिलं: व्यक्ती, युरोपबाहेरची, सक्तीच्या बाजूने, विचारात घेण्याची गरज नाही.

प्राचीने ते दोन दिवसांत पकडलं. प्राची ऑफिसची प्रमुख, संध्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आईला न्यायच्या दिवशी ती पावणेदोन तास खाली उन्हात उभी होती. तिने संध्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बदलापूर लिहिलंय गं त्यात. गांगुर्डे लिहिलंय. मला दिसलं तर क्लायंटला नाही दिसणार?"

"बाबांचं मत आहे ते. माझं नाही."

"इंग्रजी कुणाचं आहे?"

संध्याने खुर्ची मागे सरकवली.

"मी वाचलं," प्राची म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "दोनदा वाचलं. चांगलंय. म्हणूनच सांगते. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या माणसाच्याच घरातून त्यांच्याविरुद्ध पत्र गेलंय, हे त्यांना कळलं तर काम जाईल. तुझं एकटीचं नाही, अकरा जणांचं जाईल. मेल केला की मत काढून टाकतात. मी तुला सांगत नाहीये कर म्हणून. तू बघ."

संध्याने दिवसभर काही केलं नाही. संध्याकाळी निघताना तिने स्कूटी चिखलोलीपाशी रस्त्याच्या कडेला घेतली. नव्या इमारतींवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, एका गॅलरीत कुणीतरी कुंडीला पाणी घालत होतं. तिने मोबाइलवरून आयोगाला दोन ओळींचा मेल लिहिला आणि पाठवला. दुसऱ्या दिवशी यादीतून चारशे एकाहत्तर नंबर गेला होता.

घरी तिने सांगितलं नाही. सांगणार होती, पण शिवराम त्या रविवारी विहारात जाऊन आले होते आणि तिथे त्यांनी सगळ्यांना पोचेचा फोटो दाखवला होता. धम्मदीप नावाच्या एका मास्तरांनी तो मोठा छापून आणून दिला. "युरोपात गेलं माझं म्हणणं," बाबा म्हणाले. आई गेल्यानंतर त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा दोनदा भात घेतला. संध्याने त्यांना वाढलं.

मग ते अधूनमधून विचारू लागले. "आलं का काही?" ती लिहायची, 'वेळ लागतो.' गणपती झाले, दिवाळी झाली. "आता वाचत असतील ना?" ती लिहायची, 'हो, वाचत असतील.' बोललेलं खोटं हवेत जातं. पाटीवरचं पुसेपर्यंत समोर राहायचं आणि पुसल्यावरही निळसर डाग उरायचा.

फेब्रुवारीत आयोगाचा मसुदा आला. अक्षरांची सक्ती त्यात नव्हती. वाहिन्यांनी आपणहून, टप्प्याटप्प्याने, असं म्हटलेलं होतं. संघाकडून ऑफिसला आभाराचं पत्र आलं, प्राचीने पेढे आणले. तिने संध्याच्या टेबलावर पेढा ठेवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

त्या रविवारी सकाळी शिवराम दाढी करून बसले होते. पेपरात परदेशाच्या पानावर चार ओळींची बातमी होती. ती त्यांनी वाचली होती.

"झालं म्हणे तिकडचं. आपल्या म्हणण्याचं काय झालं? त्यांनी वाचून नाही म्हटलं, का वाचलंच नाही?"

संध्या पाटी घेऊन बसली. कानाने ऐकणाऱ्या माणसाला असं काही सांगताना मान खाली घालता येते, भिंतीकडे बघता येतं, अर्धं वाक्य गिळता येतं. तिला ती सोय नव्हती. प्रत्येक अक्षर सुटं, मोठं काढावं लागत होतं, आणि बाबा पेनाच्या टोकाकडे बघत होते.

'वाचलं नाही. मी काढून घेतलं. आठ दिवसांत. ऑफिसला कळलं होतं. मी ज्यांचं काम करते त्यांना सक्ती नको होती. त्यांच्या बाजूचं मीच लिहिलं होतं.'

शिवरामांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती बघत होती. राग आला नाही. चेहरा हळूहळू मिटल्यासारखा झाला.

"म्हणजे दिवाळीत ते तिथं नव्हतंच?"

तिने मान हलवली.

"तू काढलंस त्याचं काही नाही," ते म्हणाले. त्यांना आपला आवाज ऐकू येत नसे, म्हणून ते नेहमी मोठ्याने बोलायचे. आज ते इतकं हळू बोलले की तिला पुढे वाकावं लागलं. "नोकरी आहे. बाकीची पोरं आहेत. तू मला विचारलं असतंस तर मीच म्हणालो असतो, काढ. पण विचारायचं होतंस."

'चुकलं बाबा,' तिने लिहिलं.

"तुझी आई पण मला खोटं सांगायची. मालिकेत कुणी मेलं की सांगायची, गावाला गेला. मला कळायचं. लोक पांढरे कपडे घालून रडतायत, आणि ही म्हणते गावाला गेला." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "पण ती शेजारी बसून सांगायची गं."

संध्या रडत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि मग उठून कपडे करायला गेले. विहारात जायची वेळ झाली होती.

ते परत आले तेव्हा तिने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण मंगळवारी भाजी घेताना धम्मदीप मास्तर भेटले. ते म्हणाले, "बाबांनी रविवारी सगळ्यांना उभं राहून सांगितलं. माझं पत्र मी परत घेतलं होतं म्हणाले. विचार करून, माझ्या मर्जीने घेतलं. कोणी कारण विचारलं नाही. तुम्हाला माहीतच असेल."

"हो," संध्या म्हणाली. "माहितेय."

तिने पाव किलो गवार घेतली. भाजीवाल्याने पिशवी पुढे केली तरी ती हात पुढे न करता उभीच होती, मागच्या बाईने तिला हलवेपर्यंत.